विलीनीकरण कंपनीचं, मग राजीनामा तुमचा का?

प्रश्न : मी धरणगावचा. जळगाव विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीत चेक-इन काउंटरही सांभाळतो आणि बॅगाही चढवतो. चार वर्षं चार महिने झाले. आमची कंपनी आता दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होतेय. एचआरने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कागद पाठवलेत : एक राजीनामा, तारीख कोरी, दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र, सहा महिने प्रोबेशन. दोघांनी सह्या करून टाकल्या. वडील म्हणतात, 'कर सही, नोकरी तरी राहील.' काय करू?

उत्तर : भाऊ, राजीनाम्यावर सही करू नका. बाकीचं नंतर बोलू.

आधी व्यवहार कुठला आहे ते विचारा. कंपनीचे फक्त शेअर विकले गेले असतील, तर तुमचा मालक कायद्याने बदलतच नाही. २००७ मध्ये जेटने एअर सहारा घेतली, तेव्हा कंपनी तीच राहिली, फक्त नाव जेटलाइट झालं. अशा वेळी नव्या नेमणूकपत्राचं कामच नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली, ते मात्र खरं विलीनीकरण. ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली, एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने होतं. विलीनीकरणाची योजना मंजूर झाली की जुन्या कंपनीची मालमत्ता, कर्ज, चालू खटले सगळं नव्या कंपनीकडे जातं. बहुतेक योजनांत कर्मचाऱ्यांसाठीही एक परिच्छेद असतो : सेवेत खंड न पडता, सध्याच्यापेक्षा कमी फायद्याच्या नसलेल्या अटींवर. तुमच्या योजनेची प्रत मागा आणि तो परिच्छेद शोधा. विमान नव्या कंपनीकडे जाताना कुणी विमानाचा राजीनामा घेत नाही. तुमचाच का घेतायत, हे त्यांना विचारायला हरकत नाही.

कारण पैशात आहे. ग्रॅच्युइटी नियमित कामगाराला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. ग्रॅच्युइटीसाठी धरलं जाणारं तुमचं वेतन समजा १५,६०० रुपये आहे. वर्षाला ९,००० होतात, पाच वर्षांचे ४५,०००. तुम्ही त्या आकड्यापासून आठ महिने लांब आहात. आज राजीनामा दिलात, तर नव्या कंपनीत घड्याळ शून्यापासून सुरू. (नेमणूक ठरावीक मुदतीची असेल तर गोष्ट वेगळी, नव्या कामगार संहितेत एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. पत्र काढून बघा.)

औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, पण तत्त्व तेच राहिलं. आस्थापना दुसऱ्याकडे गेली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि नोकरकपातीत मिळते तितकी भरपाई द्यावी लागते. ती टाळायची तर तीन गोष्टी लागतात : सेवेत खंड नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढे कधी नोकरकपात झाली तर जुनी सेवा धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील हवा. तुमच्या हातातलं प्रोबेशनचं पत्र पहिल्याच अटीत अडकतं. 'तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, कामगार नाही' असं सांगतील. कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा काम काय करता ते बघतात, आणि बॅगा चढवणं हे व्यवस्थापन नव्हे!

एचआरला ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅप नको. एवढंच लिहा : 'माझी आजवरची सेवा सलग धरून आणि सध्याच्याच अटींवर नव्या कंपनीत काम करण्यास मी तयार आहे. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. विलीनीकरण योजनेची प्रत मिळावी.' यात नकार कुठेच नाही, म्हणजे वडिलांची काळजीही मिटते.

सह्या केलेल्या दोघांना आजच सांगा. राजीनामा अमलात येण्याआधी तो लेखी मागे घेता येतो. कोऱ्या तारखेचा कागद असल्याने उद्या कुठली तारीख पडेल याचा भरवसा नाही, म्हणून घाई.

ऐकलं नाही तर कुठे जायचं, यात आपल्याकडची मंडळी हमखास चुकतात. जळगावच्या राज्य कामगार कार्यालयात जातात आणि हेलपाटा पडतो. हवाई वाहतुकीचा विषय केंद्राचा आहे. तक्रार मुख्य कामगार आयुक्त (केंद्रीय) यांच्या यंत्रणेकडे, 'समाधान' पोर्टलवर घरबसल्या करता येते. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत करा.

आणखी एक तपासा. पगारपत्रकावर आणि पीएफ पासबुकात नाव कुणाचं आहे, विमान कंपनीचं की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं? एजन्सीचं निघालं, तर वरचं बरंचसं उत्तर बदलेल. मग नेमणूकपत्र घेऊन एकदा समोरासमोर बसावं लागेल.