विद्यापीठात स्पॅनिश आणि जोडीला शून्यापासून जर्मन: झेपतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शाळेत स्पॅनिश बऱ्यापैकी झाली आहे, विद्यापीठात ती पुढच्या पातळीवर न्यायची आहे आणि सोबत जर्मन पार मुळाक्षरांपासून सुरू करायची आहे. दोन्ही भाषांची सरमिसळ होईल का, आणि एवढं एकदम झेपेल का?

झेपतं. मी हीच जोडी घेऊन पदवी केली. सरमिसळीची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यावर पुढे लिहितो, पण माझ्या मते जास्त जड जातं ते दुसरंच. या दोन भाषांत तुमचं वय वेगवेगळं असतं. सकाळी स्पॅनिशच्या तासाला स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळातल्या सेन्सॉरशिपवर मत मांडायचं, आणि दुपारी जर्मनच्या तासाला ‘माझ्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत’ हे वाक्य अडखळत म्हणायचं. डोकं तेच, पण तोंडातून बाहेर पडतं ते सहा वर्षांच्या मुलाचं. हुशार मुलांना याचाच जास्त जाच होतो. पहिले दोनतीन महिने हे सोसायची तयारी असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

नवशिक्यांचा वर्ग म्हणजे निवांत वर्ग असा समज असेल तर तो आधी काढून टाका. विद्यापीठांतले असे वर्ग बहुतेक ठिकाणी फार वेगाने पळतात. पहिल्या वर्षाअखेर बी वनच्या (भाषा मोजायच्या युरोपीय सहा पायऱ्यांमधली तिसरी पायरी) आसपास पोहोचवायचं हे ध्येय सर्रास दिसतं. आता हिशोब करून पाहा. बी वनपर्यंत यायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, असं जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट ही संस्था सांगते. आठवड्याला पाच तास वर्ग आणि वर्षाला २४ आठवडे धरले तर १२० तास भरतात, म्हणजे १६० तासिका. उरलेलं सगळं तुम्ही स्वतः, घरी बसून करायचं. शिकवणारे हे गृहीतच धरतात, पण तोंडाने सांगतीलच असं नाही.

आणि नेमकं इथेच स्पॅनिशचं नुकसान व्हायला लागतं. जर्मनची दर आठवड्याला छोटी चाचणी, शब्दांची यादी, आज दिलेलं उद्या तपासणार. स्पॅनिशचा मात्र एक मोठा निबंध, तोही सत्राच्या शेवटी. साहजिकच रोजचा वेळ जर्मन खाते. शिवाय जर्मनमध्ये प्रगती डोळ्यांना दिसते: परवा कळत नसलेली पाटी आज कळते. स्पॅनिशमध्ये तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तिथे महिनाभर घासून फक्त सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) थोडा बरा होतो, त्याचं कौतुक कोण करणार? आमच्या वर्गात ज्यांची जर्मन झपाट्याने सुधारली, त्यांच्यातल्या कित्येकांची स्पॅनिश दुसऱ्या वर्षी बोथट झाली होती. वाचताना हे लक्षात यायचं नाही, बोलायला लागलं की यायचं. म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल: वेळापत्रक आखताना आधी स्पॅनिशचा वेळ राखून ठेवा. रोज अर्धा तास स्पॅनिश वाचन किंवा ऐकणं, अभ्यासक्रमाबाहेरचं, आवडीचं. जर्मनचा वेळ राखावा लागत नाही, ती स्वतःच ओढून घेते.

आता सरमिसळ. ती होते, पण लोकांना वाटते तशी नाही. मोठे, वजनदार शब्द सहसा अदलाबदल होत नाहीत. घसरतात ते बारके शब्द: ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’, ‘तर’. जर्मन वाक्य नीट चाललेलं असतं आणि मध्येच ‘पण’साठी जर्मन ‘आबर’च्या जागी स्पॅनिश ‘पेरो’ येऊन बसतो. बोलणाऱ्याला पत्ताही नसतो, समोरच्याचा चेहरा बघून कळतं. दुसरी घसरण वाक्यरचनेतली. ‘मला माहीत नाही’ घ्या. स्पॅनिशमध्ये नकार क्रियापदाच्या आधी येतो, ‘नो से’. जर्मनमध्ये नंतर, ‘इश वाइस निश्त’. स्पॅनिश आधी शिकलेला माणूस सुरुवातीला हटकून ‘इश निश्त वाइस’ म्हणतो. तिसरी भाषा शिकताना मातृभाषेपेक्षा आधी शिकलेल्या परक्या भाषेची सावली जास्त पडते, असं कमिला बार्देल आणि इल्वा फाल्क या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं, आणि त्यांनी तपासली होती तीही नकाराची जागाच. तेव्हा असं झालं तर डोकं चालेनासं झालं असं समजू नका. बी वनच्या आसपास हा त्रास आपोआप विरतो. तोवर एकच पथ्य पाळा: दोन्ही भाषांचे शब्द एका बैठकीत पाठ करायला घेऊ नका, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या.

मराठी माणसाला या जोडीत काही गोष्टी फुकट मिळतात, आणि इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तकं त्या कधीच सांगत नाहीत. स्पॅनिशमधलं ‘मे गुस्ता’ इंग्रजी भाषकाला आठवडाभर छळतं. आपण ‘मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात’ म्हणतोच की. ‘मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस’ ही अगदी तीच रचना. जर्मनमध्ये ‘मिर इस्ट काल्ट’, म्हणजे मला थंडी वाजते, इथेही ‘मला’च. जर्मन आकडे उलटे बोलतात म्हणून लोक वैतागतात, एकवीसला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, आधी एक मग वीस. आपल्या एकवीस, बावीस, तेवीसमध्ये तरी वेगळं काय आहे? गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायचं हा तर जर्मनचा सगळ्यात बदनाम नियम, ‘वाइल इश काइनं त्साइट हाबं’ (कारण मला वेळ नाही), आणि आपली क्रियापदं जन्मापासून शेवटीच बसलेली. आपल्याला अडवतं ते मुख्य वाक्य. तिथे क्रियापद दुसऱ्याच जागेवर हवं, आधी काहीही आलं तरी. ‘आज’ने वाक्य सुरू केलं की लगेच क्रियापद, मग कर्ता: ‘हॉइटं गेहं इश’. स्पॅनिश या बाबतीत सैल असल्यामुळे ती इथे मदतीला येत नाही.

लिंगांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन भाषा समोरासमोर उभ्या ठाकतात. तीन लिंगं ही कल्पना आपल्याला नवी नाही, तो, ती, ते आपल्याकडेही आहेत. त्यामुळे जर्मनचं नपुंसकलिंग पाहून धक्का बसत नाही. त्रास असा की स्पॅनिशमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी धरलेला असतो, ‘एल सोल’, ‘ला लूना’. जर्मनमध्ये बरोबर उलट: ‘डी झोनं’ स्त्रीलिंगी, ‘डेर मोन्ड’ पुल्लिंगी. आणि मराठीत दोघंही पुल्लिंगी! तर्काने काही हाती लागत नाही. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटावरून लिंगाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. जर्मनमध्येही काही प्रत्यय भरवशाचे आहेत, ‘उंग’ने संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ने संपणारी लघुत्वदर्शक नामं नपुंसकलिंगी, पण रोजच्या वापरातल्या लहान शब्दांना ते लागू पडत नाहीत. तेव्हा पहिल्या दिवसापासून जर्मन नाम आर्टिकल (नामाआधीचं डेर, डी किंवा डास) आणि अनेकवचनासकट लिहा. पुस्तकासाठी नुसतं ‘बूख’ नव्हे, ‘डास बूख, डी ब्यूशर’. शब्द कार्डांवरून पाठ करायचं अँकीसारखं ॲप वापरत असाल तर कार्डावर एवढं सगळं असलंच पाहिजे. हे टाळलं तर पुढे विभक्ती आल्या की सगळं कोसळतं, कारण आर्टिकल माहीत नसेल तर विभक्तीत बदलायचं काय? उच्चारांबद्दल फार लिहीत नाही. स्पॅनिशचा ‘र’ आपल्याला सोपा, जर्मनचा घशातला, आणि ओठ गोल करून काढायचे दोन स्वर आरशासमोर बसून शिकावे लागतात.

बी वन ओलांडल्यावर एक प्रकार जरूर करून पाहा: इंग्रजीला आणि मराठीलाही बाजूला ठेवून थेट स्पॅनिशमधून जर्मनमध्ये भाषांतर. परिच्छेदभरच, फार नको. भूतकाळ आला की मजा येते. ‘मी गेलो आहे’ याला स्पॅनिशमध्ये ‘हे इदो’, साहाय्यक क्रियापद नेहमी ‘आबेर’च, जर्मनमध्ये जाण्यायेण्याच्या क्रियापदांना ‘झाइन’ लागतं, ‘इश बिन गेगांगन’. समोरासमोर ठेवल्यावर दोन्ही पक्कं बसतं. सुरुवातीला मात्र या वाटेला जाऊ नका.

अभ्यासक्रमात परदेशातलं वर्ष असेल तर ते दोन देशांत वाटण्याची सोय बहुधा असते. जर्मन भाषक देशातला मुक्काम मोठा ठेवा, असं मी म्हणेन. तुमची स्पॅनिश तीनचार महिन्यांत उजळेल, पण जर्मनला बाजारहाट, घरमालक, सरकारी कागद या सगळ्यातून जावं लागतं. मात्र तिथल्या विद्यापीठात वर्गात बसायचं असेल तर देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांकडूनही बऱ्याचदा बी वन किंवा बी टू मागतात, म्हणून जर्मनचा मुक्काम उत्तरार्धात ठेवलेला बरा.

ही जोडी घेऊ नका असं मी फक्त एका परिस्थितीत सांगेन: स्पॅनिशचे दोन भूतकाळ अजून चुकत असतील आणि साधी बातमी वाचताना चार वेळा शब्दकोश उघडावा लागत असेल तर. तेव्हा दोन्हीकडे तुम्ही नवशिकेच ठरता, आणि ते खरंच जड जातं.

प्रवेश घेण्याआधी विभागाला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, शून्यापासून सुरू करणारे आणि शाळेतून जर्मन करून आलेले विद्यार्थी शेवटच्या वर्षी एकाच वर्गात येतात का, आणि परीक्षा एकच असते का. काही ठिकाणी असते, आणि मग दुसऱ्या वर्षी जर्मनचा जोर अचानक दुप्पट होतो. दोन, पहिल्या वर्षी जर्मनचे तास स्पॅनिश साहित्याच्या तासांवर आदळतात का. याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं. दुसऱ्या वर्षात शिकणारा एखादा विद्यार्थी गाठा, तो पाच मिनिटांत सांगेल.