कोंबड्या आवारात रमत नाहीत? आधी आडोसा करा, दाण्याचं नंतर बघू

परसातल्या कोंबड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांमध्ये एक तक्रार वारंवार दिसते. जाळी लावून ऐसपैस आवार केलं, रोज सकाळी खुराड्याचं दार उघडलं जातं, तरी कोंबड्या उंबऱ्यापाशी घुटमळतात आणि परत आत जाऊन बसतात. त्यातले काही प्रश्न निवडून उत्तरं देत आहे.

प्रश्न: माझ्याकडे बारा कोंबड्या आहेत. आवार चांगलं मोठं आहे, झाडंझुडपं काढून सपाट आणि स्वच्छ केलं आहे. तरी त्या दारापासून चार-पाच पावलांपलीकडे जात नाहीत. सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं तर सवय लागेल का?

उत्तर: दार लावू नका. पळून आत शिरता येतं याची खात्री असते म्हणूनच कोंबडी बाहेर पडायचं धाडस करते. ती वाट बंद केली की बारा कोंबड्या कुंपणाच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या राहतील. उन्हात धापा टाकतील आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलं तरी मागेच सरतील.

तुमच्या प्रश्नातच कारण सापडतं: आवार 'सपाट आणि स्वच्छ' आहे. आपल्याला ते छान दिसतं, कोंबडीला ते धोक्याचं वाटतं. पाळीव कोंबडीचे मूळ पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातले लाल रानकोंबडे. ते बांबूच्या बेटांत, झुडपांच्या जाळीत आणि जंगलाच्या कडेला राहतात. उघड्यावर येतात ते चरण्यापुरते, आणि तेव्हाही झुडूप जवळ ठेवून. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात राहूनही ही सवय गेलेली नाही. घार, शिक्रा, ससाणा हे शत्रू वरून येतात. म्हणून डोक्यावर काही नसलं की कोंबडी अस्वस्थ असते. वरून जाणाऱ्या सावलीला ती किती घाबरते हे पाहायचं असेल, तर पतंग किंवा एखादी उडती प्लास्टिकची पिशवी आवारावरून गेल्यावर बघा.

त्यामुळे पहिलं काम आडोशाचं, आणि त्याची सुरुवात दारापासूनच करायची. खुराड्याच्या दाराला लागून एक पडवी काढा: वर छप्पर, तीन बाजूंनी जाळी किंवा काहीच नाही. आतला अंधार आणि बाहेरचा लख्ख उजेड यांच्यामध्ये अशी सावलीची जागा असली, की कोंबडी तिथे थांबते, बाहेरचा अंदाज घेते आणि मग पुढे सरकते. माझ्या मते खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर तो या पडवीवर करावा.

पडवीच्या पुढे दर दहा-बारा फुटांवर एकेक आसरा ठेवा. जुनं टेबल, चार खुंटांवर टाकलेली फळी, कमानीसारखी वाकवलेली जाळी आणि तिच्यावर वेल, फांद्यांचा ढीग, यांपैकी काहीही चालतं. उंची दीड ते दोन फूट पुरे. एका आसऱ्यातून पुढचा दिसला पाहिजे आणि दोन-चार उड्यांत गाठता आला पाहिजे. सगळे आसरे एका बाजूला गोळा केलेत, तर कोंबड्याही त्याच बाजूला राहतील आणि उरलेली जागा ओसाड पडेल. पत्रा वापरणार असाल तर जरा विचार करा. भर दुपारी खालून तो भट्टीसारखा तापतो. त्याच्यावर पालापाचोळा, गवत किंवा वेल चढवा.

झुडपं लावणं हा कायमचा उपाय आहे, पण ती वाढेपर्यंत मुळाभोवती दगड किंवा जाळी ठेवा. नाहीतर कोंबड्या आठवडाभरात सगळं उकरून ठेवतील. कण्हेर आणि एरंड लावू नका, दोन्ही विषारी आहेत.

आडोसा झाल्यावर बाहेर जाण्याचं कारण द्या. सगळं खाद्य, सगळं पाणी आणि बसायची दांडी आत असेल, तर तिनं बाहेर कशाला यावं? पाण्याचं एक भांडं बाहेर सावलीत ठेवा. अंड्यावरची कोंबडी साधारण दिवसात पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते प्रमाण दुपटीपर्यंत जातं. त्यामुळे गार पाणी जिथे, तिथे ती जातेच. खाद्याचं मुख्य भांडं मात्र पडवीतच राहू द्या. उघड्यावर ठेवलेलं खाद्य भिजतं, त्याला बुरशी येते आणि बुरशीचं विष कोंबड्यांना फार बाधतं. शिवाय उंदीर आणि रानपाखरं जमतात ती वेगळीच.

बाहेर टाकायचे ते थोडे दाणे, दर कोंबडीमागे जेमतेम दहा ग्रॅम, तेही दुपार कलल्यावर. कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाते. त्यातला दहावा हिस्सा नुसत्या धान्यात गेला तर बिघडत नाही. त्याहून जास्त दिलंत तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडून अंड्यांची कवचं पातळ होतात. दाणे एका जागी ओतू नका, पाचोळ्यात विखरून टाका. पहिल्या दिवशी पडवीच्या कडेला, मग पहिल्या आसऱ्याखाली, मग दुसऱ्या, असं हळूहळू पुढे सरकवत न्या. पाचोळ्याचा वीतभर थर, पालटता येईल असा एखादा ओंडका, कुजत घातलेल्या शेणपाल्याचा ढीग असला तर त्यातले किडे कोंबड्यांना तासन्‌तास गुंतवून ठेवतात. तुम्ही टाकलेले दाणे पंधरा मिनिटांत संपतात, हे किडे संपत नाहीत.

मातीत लोळायची जागाही बाहेरच करा. निरोगी कोंबडी साधारण दिवसाआड, बहुधा दुपारच्या सुमारास, वीस मिनिटं ते अर्धा तास धुळीत अंग घोळते. त्यानं पिसांतलं जादा तेल निघतं आणि उवा-पिसवा कमी होतात. दोन-अडीच फुटांचा उथळ खड्डा करा, त्यात कोरडी माती आणि वाळू घाला, थोडी चाळलेली लाकडाची राख मिसळा. वर छप्पर हवंच, नाहीतर एका पावसात त्याचा चिखल होतो. एक कोंबडी लोळायला लागली की बाकीच्या आपोआप जमतात.

हे सगळं करूनही बाराच्या बारा कोंबड्या सतत बाहेर दिसणार नाहीत, तशी अपेक्षा ठेवू नका. भर दुपारी त्या सावलीत बसणारच. कोंबडीच्या शरीराचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सियस असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हा तिचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग. ती बाहेर रमते की नाही हे सकाळी आणि संध्याकाळी बघावं. वारा सुटलेला असेल तरीही त्या आतच राहतात. पिसांत वारा शिरलेला त्यांना अजिबात आवडत नाही. एकाच दिशेचा वारा नेहमीचा असेल, तर त्या बाजूच्या कुंपणाला खालचे दोन-अडीच फूट ताट्या बांधा.

प्रश्न: बंदिस्त शेडमध्ये वाढलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आहेत. दार उघडून आठवडा झाला, एकही बाहेर आली नाही.

उत्तर: त्यांनी आकाश, गवत, वारा यांतलं काहीच पाहिलेलं नाही, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. नवीन जागी आणल्यावर पाच-सात दिवस त्यांना खुराड्यातच ठेवायचं असतं, म्हणजे घर कुठलं हे पक्कं होतं. तेवढं तुमच्याकडून आपोआप झालं आहे. आता दार उघडंच ठेवा आणि त्यांच्याकडे लक्ष न देता आवारात काम करत बसा. एखादी धीट कोंबडी आधी येईल. तिच्या मागून बाकीच्या येतील. जवळ मोकळ्यात वावरलेली एखादी जुनी, शांत कोंबडी असेल तर तिची फार मदत होते. पण तिला एकदम त्यांच्यात सोडू नका. आधी काही दिवस जाळीच्या आडून एकमेकींना दिसू द्या.

खुराड्याचं दारही तपासा. ते साधारण 35 सेंटीमीटर उंच आणि 40 सेंटीमीटर रुंद असावं. उंबरा फार उंच असेल तर बाहेर उतरती फळी लावा आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका. गुळगुळीत फळीवर पाय घसरला की ती कोंबडी पुन्हा तिकडे फिरकत नाही. दार एकच असेल, तर कळपातली दांडगी कोंबडी त्यातच ठाण मांडते आणि गरीब कोंबड्या आत अडकून पडतात. दुसरं दार पाडल्यावर निम्मा प्रश्न सुटल्याचं अनेक ठिकाणी दिसतं.

पुढच्या वेळी पिल्लांपासून सुरुवात करा. अंगावर पूर्ण पिसं आली, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची झाली आणि लसीकरण झालं, की कोरड्या, उबदार दिवशी थोडा वेळ बाहेर सोडा. लहानपणी बाहेर आलेल्या पिल्लांना मोठेपणी शिकवावं लागत नाही.

प्रश्न: मुंगसानं एक कोंबडी नेली. तेव्हापासून बाकीच्या बाहेर येत नाहीत.

उत्तर: त्या येत नाहीत, हे सध्या बरंच आहे. आधी मुंगूस शिरलं कुठून ते शोधा. षटकोनी छिद्रांची बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शत्रूला फार काळ रोखत नाही. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंची छिद्रांची वेल्डेड जाळी लावा. तीच जाळी कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर पसरून मातीनं झाका, म्हणजे उकरून आत येता येत नाही. घारीचा उपद्रव असेल तर वरूनही जाळी ओढा. कोंबड्यांचा धीर परत यायला काही दिवस जातील, त्यांना ढकलू नका.

कोंबडा असेल तर त्याच्या आवाजाकडे कान द्या. वरून धोका दिसला तर तो एक बारीक, लांब शीळ घालतो आणि सगळ्या आडोशाला पळतात. जमिनीवरून कोणी आलं तर तुटक, मोठ्यानं कलकलाट होतो. कोणता आवाज येतो त्यावरून कुठे पाहायचं ते कळतं. निव्वळ राखणीसाठी कोंबडा आणा, असं मात्र मी सुचवणार नाही.

प्रश्न: एकच कोंबडी आत बसून राहते, बाकीच्या छान फिरतात.

उत्तर: मग हा आवाराचा प्रश्न नव्हे, त्या कोंबडीला हातात घेऊन तपासा. अंड्यांच्या खोक्यात चपटी होऊन बसते आणि हात लावला की पिसं फुलवून टोचते, तर ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. पिसं झडण्याच्या काळातही कोंबड्या कोपरा धरतात, कारण नवी पिसं फुटताना अंग दुखरं असतं. पण पिसं फुललेली, मान आखडलेली, तुरा फिका, विष्ठा पातळ, अशी लक्षणं असतील तर तिला वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

प्रश्न: दारापुढे कायम चिखल असतो. त्यामुळे येत नसतील का?

उत्तर: त्यामुळेही. शिवाय चिखल रोगाचं घर आहे. विष्ठेतून पडलेले कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचे कण ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत बाधक होतात. दारापुढचा पाच-सहा फुटांचा पट्टा थोडा उकरून खडी भरा, वर लाकडाचा जाड भुसा किंवा तुकडे टाका आणि छपराचं पाणी पन्हळीनं दुसरीकडे वळवा. जागा असेल तर आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून वापरा. गवताला उसंत मिळते. जंतांची अंडी मात्र मातीत कित्येक महिने टिकतात, तेव्हा जागा बदलली म्हणून विष्ठेची तपासणी आणि जंतांचं औषध टाळू नका. गवत वीतभर उंचीपर्यंत ठेवा. लांब, वाळकं गवत गिळलं तर अन्नपिशवीत त्याचा गोळा अडकतो.

प्रश्न: बाहेर सोडल्यापासून अंडी कुठेतरी झुडपात घालतात.

उत्तर: बहुतेक अंडी उजाडल्यापासून पहिल्या पाच-सहा तासांत घातली जातात. दोन आठवडे दार उशिरा, दुपारच्या जरा आधी उघडा. खोक्यात कोरडं गवत आणि एखादं खोटं अंडं ठेवा. झुडपातली जागा सापडली की अंडी उचला आणि तिथे काटक्या टाका. सवय मोडली की दार पुन्हा सकाळी लवकर उघडायला हरकत नाही. परिसरात बर्ड फ्लूचा इशारा असेल त्या काळात मात्र दार बंदच ठेवा, आणि पाण्याची भांडी आत घ्या.