परदेशातलं रेल्वेकाम आणि सरकारी पाठबळ

प्रश्न : आमची कंपनी रूळ टाकण्याची कामं करते. आफ्रिकेतल्या एका मार्गाचं टेंडर भरायचा विचार आहे. सरकारी मदतीसाठी केव्हा जावं?

उत्तर : टेंडर भरण्याआधी. बरेच जण काम मिळाल्यावर धावतात. तोवर दर ठरलेला असतो आणि विम्याचा हप्ता नफ्यातून जातो.

आधी प्रकल्पाला पैसा कोण देतंय ते पाहा. भारत सरकारच्या वतीनं एक्झिम बँक (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) परदेशी सरकारला कर्ज देत असेल, तर स्पर्धा भारतीय कंपन्यांमध्येच होते. घानातला तेमा–म्पाकादान आणि बांगलादेशातला खुलना–मोंगला हे मार्ग असेच झाले. बिलं मंजूर झाली की बँक ठेकेदाराला इथेच पैसे देते. ते सरकार कर्ज फेडतं की नाही, ही चिंता तुमची नाही. मात्र बिलावर सही करतो तिथला सल्लागार. तो दोन महिने बसून राहिला, तर दिल्लीतून कुणी ती सही आणून देत नाही. ही रखडपट्टी खेळत्या भांडवलात धरा.

जागतिक बँकेच्या पैशातलं टेंडर बहुतेक सगळ्या देशांना खुलं असतं. तिथे आपल्या सरकारचा हात गॅरंटी आणि विम्यापुरताच.

तिसरा प्रकार अवघड. मालक, म्हणजे काम देणारी तिथली संस्था, म्हणते, ‘पैसाही तुम्हीच आणा.’ त्यासाठी एक्झिम बँकेची २०११ पासूनची ‘बायर्स क्रेडिट’ योजना, म्हणजे खरेदीदाराला कर्ज देण्याची योजना आहे. राष्ट्रीय निर्यात विमा खात्याचं संरक्षण घेऊन कराराच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. उरलेलं मालकानं आगाऊ द्यायचं. कर्ज घेणारा मात्र परदेशी सरकार किंवा त्याच्या मालकीची संस्था हवी. त्या देशाची पत तपासण्यात महिने जातात आणि तेवढ्यात टेंडरची मुदत संपू शकते. म्हणून देश, मालक आणि अंदाजे रक्कम घेऊन बँकेत आधीच जाऊन या.

प्रश्न : कर्ज भारताचं असेल तर ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची अट असते. खडी तर तिथलीच घ्यावी लागणार. मग हे जमतं कसं?

उत्तर : खडी, सिमेंट, डिझेल, तिथले मजूर हे सगळं उरलेल्या २५ टक्क्यांत बसवावं लागतं. म्हणून कामाचं स्वरूप पाहा. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ एकेरी मार्गाच्या एका किलोमीटरला, दोन्ही बाजू धरून, साधारण १२० टन लागतो. हे पोलाद, क्लिपा, सांधे, पुलांचे गर्डर, सिग्नलची यंत्रणा, डिझाइन आणि भारतीय अभियंत्यांची सेवा भारतीय बाजूला पडतात. सिग्नल आणि पूल असलेलं काम सहज बसतं. नुसता मातीभराव आणि खडी असेल तर आकडा हमखास घसरतो. बांधकामात कधी कधी अट थोडी शिथिल होते, पण ती मंजुरी करारापूर्वी लेखी घ्या. बिलं निघायला लागल्यावर हिशेब जुळवणं म्हणजे फजिती.

प्रश्न : बँक गॅरंटीला (आम्ही चुकलो तर मालकाला पैसे देण्याची बँकेची हमी) ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा असला की आम्ही निर्धास्त, असं समजावं का?

उत्तर : नाही. तो विमा बँकेचा, तुमचा नाही. समजा काम १०० कोटींचं आहे, कामगिरीची गॅरंटी १० टक्के आणि मालकाकडून मिळालेल्या उचलीपोटी (आगाऊ रकमेपोटी) १५ टक्के. म्हणजे बँकेनं तुम्हाला ठरवून दिलेल्या मर्यादेतले २५ कोटी एकदम अडकतात. मधल्या कंपन्या दरात हरत नाहीत, इथे अडतात. विम्यामुळे बँक मार्जिन (गॅरंटीसाठी तुम्ही ठेवायची रक्कम) कमी घ्यायला तयार होते, हा त्याचा खरा उपयोग. मालकानं गॅरंटी वटवली आणि ईसीजीसीनं बँकेला भरपाई दिली, तरी वसुली तुमच्याकडूनच होते.

म्हणून गॅरंटीच्या मसुद्यातच दोन वाक्यं घालून घ्या : गॅरंटी अमुक तारखेला आपोआप संपेल, आणि उचल बिलांतून जसजशी वळती होईल तसतशी उचलीची गॅरंटी कमी होत जाईल. दुसरं वाक्य नसेल, तर उचल पूर्ण फेडल्यावरही ते १५ कोटी अडकून राहतात.