पर्यावरण हाच विषय धरून एखादा आमदार अख्खी कारकीर्द काढू शकतो का?

काढू शकतो, पण तो कुठल्या विधानसभेत बसलाय यावर बरंच अवलंबून आहे. मी इंदूरचा. काही वर्षं इथल्या एका विधायकांकडे (आमच्याकडे आमदाराला विधायक म्हणतात) विधानसभेचे प्रश्न लिहून द्यायचं काम केलं, म्हणून आतलं थोडंफार पाहिलंय. अशी उदाहरणं आहेत का आणि आपल्याकडे हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते सगळ्यात ठसठशीत उदाहरण कॅलिफोर्नियाच्या फ्रॅन पॅव्हली. बाई मूळच्या शाळामास्तरीण, अगोरा हिल्स या लहानशा शहराच्या पहिल्या महापौर. २००० मध्ये राज्याच्या विधानसभेवर निवडून गेल्या आणि लगेच मोटारींच्या धुरातल्या हरितगृह वायूंवर मर्यादा घालणारं विधेयक आणलं. झाली बोंबाबोंब, की आता मोठ्या गाड्या काढून घेणार, पेट्रोलवर कर बसवणार! तेव्हा विधेयकातच कलम घातलं गेलं की या कायद्याखाली गाडीवर वा इंधनावर नवा कर लावता येणार नाही, मोठ्या गाड्यांवर बंदी आणता येणार नाही, वेगमर्यादाही घटवता येणार नाही. विरोधकांचा अर्धा दारूगोळा तिथेच भिजला. २००२ मध्ये कायदा झाला, पण त्याला लागणारी केंद्राची परवानगी मिळाली ती २००९ मध्ये, ओबामा आल्यावर.

मधल्या काळात बाई गप्प बसल्या नव्हत्या. २००६ मध्ये सभापती फाबियान नुन्येझ यांच्या जोडीने त्यांनी दुसरा कायदा करून घेतला. राज्याचं एकूण उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणायचं, असा तो कायदा. त्यावर सही करणारे गव्हर्नर श्वार्झनेगर हे विरोधी पक्षाचे, हे विशेष. २०१० मध्ये तेल कंपन्यांच्या पैशावर तो गोठवण्यासाठी जनमत घेतलं गेलं, लोकांनी ते पाडलं. लक्ष्य मुदतीच्या चार वर्षं आधीच गाठलं गेलं. २०१६ मध्ये पॅव्हलींनी पुढची पायरी कायद्यात बसवली, २०३० पर्यंत १९९० च्याही ४० टक्के खाली. त्याच वर्षी त्यांची राज्याच्या सिनेटमधली, म्हणजे वरच्या सभागृहातली, मुदत संपली आणि बाई घरी गेल्या. धरलेला विषय शेवटपर्यंत सोडला नाही, यालाच मी कारकीर्द म्हणतो.

आता आपल्याकडे या. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा मध्य प्रदेशसह काही राज्यांनी ठराव करून संसदेकडून करून घेतला. त्यामुळे भोपाळला बसून त्यात आज काना-मात्राही बदलता येत नाही. हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा, हेही केंद्राचेच. वर १९८५ पासून पक्षांतरबंदी, म्हणजे व्हिप निघाला की मत पक्षाचं. एकट्या सदस्याने आणलेलं विधेयक पास होणं तर दुर्मीळच. पॅव्हलींची नक्कल इथे होणार नाही, हे आधी मान्य करून टाका.

शिवाय विधायकांच्या बंगल्यावर सकाळी बसून बघा. बदली, शाळेत प्रवेश, तुंबलेली नाली, बंद पडलेला दिवा. पर्यावरणाचं म्हणून कोणी आलंच, तर बहुधा घरासमोरचं झाड तोडायची परवानगी हवी म्हणून.

तरी हत्यार एक उरतं, प्रश्न. आणि तो विचारता यावा लागतो. आमची कान्ह नदी बघा. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांखालून हीच नदी जाते, आणि पुढे तिचं पाणी क्षिप्रेत मिसळू नये म्हणून उज्जैनच्या सिंहस्थासाठी ते बाजूने वळवायच्या योजना २०१६ मध्येही झाल्या आणि २०२८ साठी पुन्हा चालू आहेत. ‘कान्ह कधी शुद्ध होणार?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘जानकारी एकत्रित की जा रही है।’ त्याऐवजी विचारायचं, अमुक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीचे (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) गेल्या १२ महिन्यांचे आकडे तारीखवार पटलावर ठेवणार का? मग अधिकाऱ्याला कागद काढावेच लागतात. एखाद्या महिन्याचा आकडा गायब असेल तर पुढच्या सत्राचा प्रश्न आयताच मिळतो.

झाडांचंही तेच. १४ जुलै २०२४ ला इंदूरच्या रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांहून जास्त रोपं लावून गिनीज विक्रम झाला. फोटो सगळ्यांचे आले. त्यातली जगली किती, हे दर पावसाळ्यानंतर विचारत राहणारा विधायक मला हवाय. शहरातल्या झाडांचा २००१ चा कायदा तर राज्याचाच आहे, तिथे दुरुस्ती मागता येते. १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या आवारात आपोआप रान वाढलं आणि ते तुटणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, म्हणजे या विषयाला मतं नाहीत असंही नाही.

तुम्ही स्वतः या वाटेने जायचा विचार करत असाल तर आधी पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, एखादी टर्म करा. नाले, कचरा, बगिचे सगळं नगर निगमकडेच असतं, फाईल कुठे अडते ते तिथे कळतं. आणि नुसतं मत द्यायचं असेल तर विधानसभेच्या संकेतस्थळावर आपल्या विधायकांनी विचारलेले प्रश्न मिळतात, मतदानाआधी चाळून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.