'हाल'चा हॉल करू नका

प्रश्न असा आलाय : "जर्मनीतल्या 'श्वेबिश हाल' या गावाच्या नावातला हाल म्हणजे आपला हॉलच ना, लग्नकार्याचा?"

नाही हो. लग्नाचा नाही, मुंजीचाही नाही. प्रवासाच्या व्हिडिओंमधून 'श्वेबिश हॉल' ऐकून कान किटलेत. गोएथे इन्स्टिट्यूटचं केंद्र त्या गावात आहे. तिथे राहून जर्मन शिकलेली मंडळीसुद्धा परत येऊन हॉलच म्हणतात! 'हाल' म्हणा, त्यातला 'आ' जरा आखूड ठेवा. सभागृहाला जर्मनमध्ये 'हाले' असा शब्द आहे, पण गावाचं नाव त्यावरून पडलेलं नाही.

'श्वेबिश' म्हणजे श्वाबेन प्रांतातलं, हे कोणीही सांगेल. गंमत अशी, की गावची बोली शेजारच्या फ्रँकोनिया प्रांताच्या वळणाची. फ्रँकोनियातल्या व्यूर्त्सबुर्गच्या न्यायालयाचा अंमल आपल्यावर नको, म्हणून पंधराव्या शतकात नगरसभेने 'आम्ही श्वाबेनच्या भूमीवर आहोत' असा पवित्रा घेतला, आणि ते बिरूद चिकटलं ते चिकटलंच.

हाल म्हणजे मीठ काढायची जागा. कोखर नदीच्या खोल खोऱ्यात खाऱ्या पाण्याचा झरा होता. आपल्या मिठागरासारखं उन्हावर भागणारं काम नव्हे. पाणी कढयांत आटवायचं, आणि त्यासाठी लागणारे ओंडके वरच्या जंगलांतून नदीतच सोडून द्यायचे. मीठ काढणं १९२४पर्यंत चाललं. १९३९ साली खोदकामात केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांची मीठ आटवायची जागाच सापडली. आणि इथेच केल्टवाद्यांना चेव आला. ब्रिटनमधल्या वेल्श या केल्टिक भाषेत मिठाला 'हालेन' म्हणतात, म्हणून 'हाल' केल्टिक, झालं! अहो, वेल्शमध्ये मूळच्या 'स'चा 'ह' झाला. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या गॉलिश या केल्टिक भाषेत 'स' शाबूत होता, म्हणजे इथलं नाव केल्टिक असतं तर 'स'ने सुरू झालं असतं. सिंधूचा हिंदू इराणात झाला, म्हणून कोल्हापुरातल्या प्रत्येक 'ह'मागे 'स' हुडकत बसायचं का?

दुसरं मत मला पटतं : 'वाळणे, सुकणे' या अर्थाचा जुना जर्मानिक धातू, म्हणजे हाल ही पाणी आटून मिठाची खपली धरण्याची जागा. त्याच कुळात ग्रीक 'स्केलेतोस', म्हणजे वाळून कोळ झालेला. त्यावरून इंग्रजी स्केलेटन. मिठाचा झरा आणि वर्गातल्या कपाटातला सांगाडा सख्खे चुलतभाऊ! हे मी भेटेल त्याला सांगतो. घरचे आता उठून जातात.

पण खरी मजा नाण्यात आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून इथल्या शाही टांकसाळीत एक चिमुकला चांदीचा पेनी पडू लागला. एका बाजूला उघडा पंजा, दुसऱ्या बाजूला क्रूस. हालचा म्हणून 'हालर', त्याचा झाला 'हेलर'. पुढे चांदी घटत गेली, तांबं वाढत गेलं, नाणं लालसर दिसू लागलं. आपण 'फुटकी कवडी नाही' म्हणतो, तिथे जर्मन माणूस आजही 'लाल हेलरसुद्धा नाही' म्हणतो. चेकांचा 'हालेर्श' तोच. त्यांचं ५० हालेर्शचं नाणं २००८मध्ये बंद झालं.

आता खुर्ची घट्ट धरा. जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीत चलन कोणतं होतं? रुपया! 'रूपी' असं छापलेला, कैसरच्या मुखवट्याचा. त्याचे ६४ 'पेसा', म्हणजे आपलेच पैसे. १९०४ साली त्यांनी दशमान पद्धत आणली, पेसा हद्दपार केला आणि रुपयाचे शंभर भाग पाडले. त्या भागाला नाव दिलं हेलर. कोखरकाठच्या मिठाच्या गावाने आपल्या पैशाची जागा अशी बळकावली. आपण स्वतः चौसष्टाचे शंभर केले ते १९५७मध्ये.