लाईट जाऊन आली की वजनकाटा आणि कार्ड रीडरची नावं अदलाबदल होतात. दोन ड्रायव्हरांचं (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांचं) भांडण कसं मिटवायचं?

तुमच्या चिकोडीकडच्या काट्यावर लिनक्सचं मशीन आहे, काट्याचा इंडिकेटर आणि गाडीचं कार्ड वाचणारा रीडर दोन्ही यूएसबी-सिरियल केबलीवर. लिनक्स अशा केबलींना टीटीवाययूएसबी शून्य, एक अशी नंबरची नावं देतं. लाईट गेली की शून्य नंबरचा एक होतो आणि एकचा शून्य. ऐन गळीत हंगामात बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असताना हे झालं की काय होतं ते सांगायला नको.

पण इथं ड्रायव्हर भांडत नाहीत. केबलीतल्या चिपप्रमाणे सीएच३४१ (सीएच३४० चिपसाठीही हाच), एफटीडीआय, पीएल२३०३ असे ड्रायव्हर वेगळे असले तरी नंबर सगळे एकाच सामायिक भागाकडून घेतात. जो आधी ओळखला गेला त्याला रिकामा असलेला सगळ्यात लहान नंबर मिळतो. त्यामुळं एकच नाव दोघांना कधीच जात नाही, पण तेच नाव उद्या राहील याची हमीही नाही. दोष शून्य नंबर कोडात पक्का लिहून ठेवणाऱ्याचा. (डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खरंच नावं आदळायची. एकाच नावाचे दोन ड्रायव्हर असले तर नंतर लोड झालेला जिंकायचा. एएनएसआय डॉट सिस हा ड्रायव्हर स्क्रीन-कीबोर्डच्या मूळच्या कॉन ड्रायव्हरची जागा घ्यायचा तो असाच.)

उपाय युडेवचा, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणांची नावं सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, नियम. एफटीडीआयच्या केबलीत बहुधा सिरियल नंबर असतो, त्यावर ओळख पटते. स्वस्तातल्या सीएच३४० केबलीत तो नसतो, दोन्ही केबली हुबेहूब सारख्या दिसतात. आपल्याकडं गावात पाटील बरेच असले की वेशीतले पाटील, मळ्यातले पाटील म्हणतो, तसं इथं जागेवरून ओळखायचं. युडेवॲडमची इन्फो कमांड चालवा, त्यात १-१.२ असा पोर्टचा पत्ता दिसेल. रूल्स डॉट डी फोल्डरात ९९ नं सुरू होणारी, डॉट रूल्सनं संपणारी फाईल करा. एका ओळीत सबसिस्टिम टीटीवाय, कर्नेल्समध्ये तो पत्ता, आणि सिमलिंकमध्ये (मूळ नावाकडं नेणारं जोडनाव) 'काटा'. रीडरसाठी दुसरी ओळ. मग नियम रिलोड करून ट्रिगर द्या, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शून्य नंबरच्या जागी /dev/काटा लिहा.

नियमात सिमलिंकऐवजी नेम वापरून मूळ नाव बदलायला जाऊ नका, ते फक्त नेटवर्क कार्डांना चालतं. कॉपी-पेस्ट करताना दोन्ही ओळींत 'काटा'च राहिलं, तर मात्र खरं भांडण लागेल. नियमात दिलेली लिंक प्रायॉरिटी (अग्रक्रम) ज्याची जास्त त्याला नाव मिळतं, सारखी असेल तर कुणाला मिळेल याचा भरवसा नाही.

आणि केबल कुठल्या भोकात ते पक्कं करा. पोर्टांवर ऑईलपेंटनं खूण करून ठेवा, नाहीतर झाडू मारणाऱ्यानं काढून दुसरीकडं खोचली की पत्ता बदललाच.