रंग आधी, सुरकुत्या नंतर

(वाचकांच्या प्रश्नांना त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : माझे वय ४९ असून मी सातारा येथे शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. मैत्रिणीने सुचवलेले मलम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाले आणि पंधरवड्यात चेहरा उजळला. आता मात्र ते चार दिवस बंद केले, की चेहरा लाल होतो, आग होते आणि वांग पूर्वीपेक्षा गडद दिसते. पाळी अनियमित झाल्यापासून त्वचाही कोरडी पडली आहे. काय करावे?

उत्तर : आपण मलमाचे नाव कळवलेले नाही, परंतु आपण केलेले वर्णन इतके ओळखीचे आहे, की त्या नळीवर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारे औषध), ट्रेटिनॉईन ('अ' जीवनसत्त्वाच्या गटातील औषध) आणि मोमेटासोन ही तीन नावे असण्याची शक्यता बरीच आहे, कृपया एकदा वाचून पाहावे. यांपैकी मोमेटासोन हे स्टेरॉईड आहे. त्यामुळे दाह दबतो आणि रंग झपाट्याने उतरतो, म्हणून मलम 'गुणकारी' वाटते. मात्र ते महिनोन् महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, गालांवर तांबड्या केशवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, क्वचित लवही वाढते आणि मलम थांबवताच आपल्याला जाणवते तशी आग सुरू होते. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षे लावण्याचे औषध नव्हे. त्याने काहींच्या गालांवर निळसर-काळे डाग पडतात आणि ते मूळ वांगापेक्षा चिवट ठरतात. अनेक स्टेरॉईड मलमे २०१८ साली 'शेड्यूल एच'मध्ये घातली गेली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती शेजारणीच्या सल्ल्याने विकली जातात, हे आम्ही दररोज पाहतो.

मलम आजच कचऱ्यात टाकावे असे मात्र मी सांगणार नाही. बराच काळ वापरलेले स्टेरॉईड एकाएकी सोडल्यास चेहरा अधिक भडकू शकतो, त्यामुळे नळी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे; ते मलम टप्प्याटप्प्याने कमी करतील आणि वांगासाठी अझेलाइक आम्लासारखे तुलनेने सौम्य औषध देतील. तोवर चेहऱ्यावर फेशियल, ब्लीच, स्क्रब आणि लिंबाचा रस यांपैकी काहीही लावू नये. दुधाची साय कोरड्या त्वचेला मऊपणा देते, ती वर्ज्य नाही. लिंबू मात्र आंबट असते तितकेच दाहकही असते आणि ते लावून उन्हात गेल्यास नवे काळे डाग पडतात.

आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या वर्णात रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, परंतु वय रंगाच्या रूपाने आधी दिसू लागते: वांग, डोळ्यांखालची काळिमा, ओठांभोवतीचा सावळेपणा. म्हणून आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे औषध ऊन अडवण्याचे आहे. एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० असलेले सनस्क्रीन तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके घेऊन चेहरा व मान यांवर लावावे, आणि बाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढते. त्यामुळे आयर्न ऑक्साईड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन आपल्याला पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा उपयोगी पडेल.

कोरडेपणाचे कारण वेगळे आहे. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, तैलग्रंथी मंदावतात आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेला घट्ट ठेवणारे कोलाजेन हे प्रथिन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. साबणाऐवजी सौम्य, बिनफेसाचे क्लीन्झर आणि ओलसर त्वचेवर लगेच ग्लिसरीन किंवा सिरामाईड असलेले मॉइश्चरायझर, एवढे सध्या पुरे. कपाळावर, टिकलीच्या जागी पांढरा किंवा काळा ठिपका उमटला असेल, तर तो वयाचा दोष समजू नये. टिकलीच्या गोंदातील रसायनानेही असे होते आणि टिकली बदलणे किंवा थांबवणे हाच त्याचा पहिला उपाय आहे.

प्रश्न : मी ५६ वर्षांचा एसटी चालक आहे. माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा काळी आणि सुरकुतलेली दिसते. पुरुषाने हे विचारणे बरे दिसत नाही, पण हा काही आजार आहे का?

उत्तर : विचारण्यात काहीही गैर नाही, उलट चालकांनी हे अधिक विचारायला हवे. आपल्याकडे चालक गाडीत उजवीकडे बसतो, त्यामुळे त्या खिडकीचे ऊन अनेक वर्षे एकाच गालावर पडत राहते. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी गृहस्थाचे छायाचित्र छापले होते. तेथे चालक डावीकडे बसत असल्याने त्यांचा डावा गाल पार सुरकुतलेला होता. समोरची काच दोन थरांची असल्यामुळे अतिनील किरण बहुतांशी अडवते. बाजूची साधी काच मात्र 'अ' गटातील किरण आत सोडते, आणि खिडकी उघडी असेल तर अडवायला काचही नसते. झालेल्या सुरकुत्या पूर्णपणे जाणार नाहीत, पण सनस्क्रीन आणि गालावर येईल असा सुती रुमाल यांमुळे त्या वाढण्याचा वेग कमी होईल. तंबाखूचे धूम्रपान करत असल्यास तेही त्वचा सुरकुतवते. गालावर महिन्याभरात न भरणारी जखम, रक्त येणारा किंवा आकार बदलणारा तीळ दिसल्यास मात्र थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझे वय ३१ आहे. आतापासूनच कोलाजेनची पावडर सुरू करावी का? रात्री रेटिनॉल लावले तर चालेल का?

उत्तर : पावडरीतील कोलाजेन पोटात पचून त्याचे लहान तुकडे होतात, ते थेट गालांत जाऊन बसत नाहीत. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे दिसले, पण त्यांतील अनेक चाचण्या उत्पादकांच्याच खर्चाने झालेल्या आहेत, त्यामुळे मी तो खर्च सुचवणार नाही. रेटिनॉल, म्हणजे त्वचेवर लावायचे 'अ' जीवनसत्त्व, चालेल. वाटाण्याच्या दाण्याएवढे, आठवड्यातून दोनच रात्री, कोरड्या चेहऱ्यावर लावून सुरुवात करावी आणि परिणामासाठी निदान तीन महिने थांबावे. गर्भधारणेचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते टाळावे आणि सनस्क्रीन तेवढे चालू ठेवावे.